ताई, साहेबांना पाठवा!

‘‘ताई, तुम्ही बसा तिकडं. गाडीबरोबर साहेब कोण आलेत? त्यांना पाठवा.’’

आमच्या संघटनेची गाडी चालवणाऱ्या मैत्रिणीने हे वाक्य गेल्या वर्षी एकाच गॅरेजात तीन वेळा ऐकले. साहेब कोणी नव्हतेच. पहिल्या खेपेला तिच्याबरोबर तिचा एकोणीस वर्षांचा भाचा होता. त्याला गाडी चालवता येत नाही. मिस्त्रींनी त्याला विचारले, ‘‘काय होतंय गाडीला?’’ तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, ‘‘मला नाही माहीत. मावशी चालवते, तिला विचारा.’’ मिस्त्रींनी मावशीला विचारले नाही. भाच्याला शेजारी उभे करून त्यांनी बॉनेट उघडले.

बैठकीत ही हकिगत सांगून आम्ही पोटभर हसलो. नंतर हिशेबाची वही उघडली तेव्हा हसू गेले. आणि त्यानंतर घाटातली ती रात्र आली. आज मी लिहिते आहे ते त्या रात्रीमुळे. मैत्रिणींनो, हा लेख मोटारीच्या बिघाडाबद्दल आहे. ‘हा काय आपला विषय?’ असे म्हणून पान उलटणार असाल, तर थोडे थांबा. मला भांडायचे आहे ते निम्मे तुमच्याशीच.

तिने काय सांगितले होते

गाडी जुनी, सात माणसांची, डिझेलवरची. एका ट्रस्टने वापरून आम्हाला दिलेली. तिच्यातून आम्ही बायकांना कोर्टात नेतो, दवाखान्यात नेतो, कधी सासरहून माहेरी पोहोचवतो. सहाएक महिन्यांपासून ती ‘पिकअप’ घेईना. मैत्रिणीने मिस्त्रींना जे सांगितले ते मी जसेच्या तसे देते:

‘‘दादा, रिकामी असली की बरी चालते. माणसं भरली आणि चढ लागला की दम सोडते. रेस दिली तरी इंजिनचा आवाज चढत नाही, गाडी ओढत नाही. मागनं काळा धूर येतो. आणि रेस देताना पुढनं शूंऽ असा हवा सुटल्यागत आवाज येतो. पाय काढला की आवाज बंद.’’

शाळा नववीपर्यंत झालेली बाई. पण वाक्ये पाहा. एकही शब्द वायफळ नाही. मिस्त्रींनी ऐकले त्यातले ‘पिकअप घेत नाही’ एवढेच. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, सुरुवात तिथूनच करतात. मग ते स्वतः ट्रायलला गेले. एकटेच, रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर. परत येऊन म्हणाले, ‘‘गाडी ओके आहे. चढाला गिअर खाली घेत चला, ताई.’’ म्हणजे बिघाड गाडीत नव्हता, बाईत होता!

दुसऱ्या खेपेला निदान झाले, क्लच गेला. का गेला? ‘‘तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवत असणार. लेडीजची सवयच असते ती.’’ क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मजुरी. दोन महिन्यांच्या दौऱ्यांच्या डिझेलचे पैसे त्यात गेले. जुनी प्लेट दाखवा म्हटले तर ती ‘भंगारात गेली’.

आणि आवाजाचे काय? ‘‘वाऱ्याचा असतो, ताई. काच वर करा.’’

कुंभार्ली घाट

त्यानंतर पंधरा दिवसांनी खालच्या एका गावातून आम्ही एका बाईला घेऊन निघालो. दोन लहान मुले, तिची आई, आम्ही तिघी. आठवडाभर मार खाऊन ती बाहेर पडली होती. चौकीत संध्याकाळचे चार तास गेले. तिथेही तिला पहिला प्रश्न काय विचारला? ‘‘बरोबर पुरुष माणूस कोण आहे?’’ तिची आई म्हणाली, ‘‘मी आहे की.’’ त्यावर शिपाई नुसताच हसला. तक्रार लिहून निघायला रात्रीचे नऊ वाजले. कुंभार्ली घाट चढून तिला वर पाटणकडे माहेरी पोहोचवायचे होते. सासरची माणसे मोटारसायकलींवर मागे येतील अशी तिला धास्ती होती आणि आम्हालाही.

घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीने दम सोडला. दुसरा गिअर, मग पहिला. पाय तळापर्यंत दाबलेला, आणि गाडी माणसाच्या चालीने चाललेली. मागे मालट्रकांची रांग, हॉर्न, प्रखर दिवे. काळ्या धुराने मागचे दिसेना. आणि तो शूंऽ आवाज, काचा बंद करूनही स्पष्ट. आमची मैत्रीण स्टीअरिंग धरून एकच वाक्य पुटपुटत होती, ‘‘मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं त्यांना.’’ मागून एक मोटारसायकल आली, तेव्हा त्या बाईने दोन्ही मुलांना सीटखाली दडपले. ती कुणा परक्याचीच निघाली, पुढे निघून गेली. आम्ही दोन वेळा थांबून, इंजिन थंड होऊ देऊन, मध्यरात्री कोयनानगर गाठले.

त्या रात्री काही झाले नाही, हे आमचे नशीब. पण नशिबावर चालायला संघटना कशाला हवी?

निदान आधीच झाले होते

तिसऱ्या खेपेला ‘पंप-नोझल उतरवावे लागतील’ असे सांगण्यात आले. पैसे नव्हते म्हणून आम्ही वाचलो. ओळखीतून एक मुलगी भेटली. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पास झालेली. आज ती काय करते? दुचाकीच्या एका दुकानात काउंटरवर बसून पावत्या फाडते. गॅरेजवाल्यांनी तिला ठेवून घेतले नाही. ‘मुलींना कपडे बदलायला जागा नाही’, ‘गिऱ्हाईक काय म्हणेल’, ‘उद्या लग्न होऊन जाशील’.

या मुलीने पहिली गोष्ट काय केली? तिने बॉनेट उघडले नाही. ती आमच्या मैत्रिणीसमोर बसली आणि म्हणाली, ‘‘सांगा.’’ ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘‘चला, सगळ्याजणी बसा गाडीत.’’ आम्ही सहाजणी बसलो आणि गावाबाहेरच्या चढावर गेलो. तिने कान लावला, परत आल्यावर टर्बोजवळच्या एका रबरी पाइपावरून बोटे फिरवली. खालच्या बाजूला तेलकट काळे डाग होते. क्लिप सैल करून पाइप वाकवला, तर बोटभर लांबीची चीर. पाइप बदलला. क्लचला जेवढे घातले त्याच्या पाचव्या हिश्शातही काम झाले नाही असे नाही, उलट पैसे उरले. त्याच आठवड्यात गाडी सात माणसे घेऊन घाट चढली.

आता हे नीट समजून घेऊ, कारण ‘आपल्याला काय कळतंय’ ही सवय इथेच मोडायची आहे.

इंजिनला हवा लागते आणि इंधन लागते. ते पेटायला लागते, आणि जळून झालेला धूर बाहेर जायला वाट लागते. चुलीपुढे बसलेल्या कोणत्या बाईला हे नव्याने सांगायला हवे? लाकूड भरपूर आणि वारा कमी असला की चूल काळा धूर ओकते. डिझेल इंजिनचेही तेच. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा. तो जादा हवा दाबून इंजिनात कोंबतो, म्हणून छोटे इंजिन मोठा भार ओढते. ही दाबलेली हवा नेणारा पाइप फाटला, तर ती वाटेतच सुटते. इंजिन नुसते चालू असते तेव्हा दाब नसतो, चीर मिटलेली राहते. रिकाम्या गाडीला सपाटीवर त्या जादा हवेची फारशी गरजही नसते. भार आला, चढ आला, पाय दाबला की दाब वाढतो, चीर उघडते, हवा ‘शूं’ करून सुटते. डिझेलला हवा पुरत नाही, काळा धूर येतो, आणि गाडी दम सोडते.

आता मैत्रिणीची वाक्ये पुन्हा वाचा. रिकामी असताना बरी, भरल्यावर नाही. काळा धूर. रेस देतानाच हवेचा आवाज. निदान त्यातच होते! आणि क्लच निर्दोष असल्याचा पुरावाही त्यातच होता. क्लच घसरतो तेव्हा इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही. ती तर म्हणत होती की इंजिनचा आवाजच चढत नाही. मिस्त्री अडाणी नव्हते, वीस वर्षांचा हात होता त्यांचा. हेच शब्द एखाद्या ट्रक ड्रायव्हरने सांगितले असते, तर त्यांचा हात थेट त्या पाइपावर गेला असता, अशी माझी खात्री आहे. त्यांना ज्ञान कमी पडले नाही. बाईचा शब्द पुरावा म्हणून धरायची त्यांना सवय नव्हती.

चौकीत, कोर्टात, दवाखान्यात आपण हेच तर रोज पाहतो. ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या बाईला ‘मनाचं असेल’ म्हणतात. ‘मारतो’ म्हणणाऱ्या बाईला ‘तू काय केलंस’ विचारतात. ‘गाडी ओढत नाही’ म्हणणाऱ्या बाईला ‘तुम्हाला चालवता येत नाही’ म्हणतात. तिन्ही ठिकाणी तपासणी व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो, आणि तो तिच्या विरोधात असतो.

‘पण हा आपला प्रश्न आहे का?’

आता तुमच्याशी भांडण. हा विषय मी बैठकीत मांडला तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीने विचारले, ‘‘आपल्या बायकांपैकी किती जणींकडे गाड्या आहेत? पाणी, रेशन, रोजगार, हिंसा हे सोडून हे मध्यमवर्गीय खूळ कशाला?’’ मी त्यांचा आदर करते, म्हणूनच उत्तर देते.

उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या सुमारास महिला समाख्या कार्यक्रमात दलित आणि आदिवासी बायकांनी हापसे दुरुस्त करायचे शिक्षण घेतले. त्यातल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पाणी भरायचे काम बायकांचे, हापसा बंद पडला तर कोसभर पायपीट बायकांची, आणि तो उघडायचा पाना मात्र तालुक्याहून कधीतरी येणाऱ्या पुरुषाच्या हातात! ही विभागणी त्या बायकांनी मोडली. त्यांना कोणी मध्यमवर्गीय म्हणेल का? आमच्याकडची पिठाची गिरणी, बचतगटाचे मसाला यंत्र, शेतावरचा पंप यांचेही तेच. वापरते ती, पण उघडतो तो. बंद पडल्यावर ती वाट पाहते. वाट पाहण्यात गेलेल्या तासांचा हिशेब कोणी धरत नाही, कारण तो बाईच्या वेळेचा हिशेब असतो.

दुसरी गोष्ट. ‘बायकांना यंत्रातले कळत नाही’ हे निसर्गाने ठरवलेले नाही, ते ठरवून घडवलेले आहे. १९४८ चा कारखाना कायदा घ्या. त्याच्या २२ व्या कलमात असे लिहिले गेले की शक्ती निर्माण करणारे यंत्र चालू असताना त्याचा कोणताही भाग साफ करणे, त्याला तेल देणे, तो जुळवणे ही कामे स्त्रियांना आणि अल्पवयीनांना करू देऊ नयेत. हेतू संरक्षणाचा होता हे मान्य. चालत्या पट्ट्यात पदर अडकून बायका मेल्या आहेत, हेही खरे. पण धोका यंत्रात असेल तर यंत्राला जाळी बसवा, कामाचे कपडे द्या. ते न करता प्रौढ बाईला पोरांच्या रांगेत उभे केले. चालत्या इंजिनचा आवाज ऐकत, ते जुळवत माणूस जे शिकतो, ते शिकण्याची वाटच बंद झाली. आणि मग पुन्हा आम्हालाच म्हणायचे, तुम्हाला यंत्रातले कळत नाही!

तिसरी गोष्ट इतिहासातली. मोटारीचे १८८६ चे पेटंट कार्ल बेंझ यांच्या नावावर आहे. त्यांच्या कारखान्यात लग्नाआधी आपल्या हुंड्याचा पैसा घातला होता बर्था यांनी. पेटंटवर त्यांचे नाव नाही. गाडी कुणी घेईना तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलग्यांना घेऊन, बर्था बेंझ मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गाडीने निघाल्या. शंभराहून अधिक किलोमीटर, जर्मनीतले तेव्हाचे कच्चे रस्ते. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. विजेची तार उघडी पडली, तिला पायमोज्याचा बंद गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. आणि चढ आला की? गाडी दम सोडायची! मुलांना उतरून ढकलावे लागे. परत आल्यावर त्यांनी हे सांगितले आणि गाडीला चढासाठी आणखी एक खालचा गिअर बसवण्यात आला. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच ‘गाडी चढाला ओढत नाही’ हे निदान एका बाईने केले होते. फरक एवढाच की तिचे ऐकले गेले. आज आमच्या गॅरेजात उभी राहिलेली बाई तेच सांगते, तर तिला काच वर करायला सांगतात.

सत्कार पुरे, पाना द्या

यावर कोणी म्हणेल, आता दिवस बदललेत, बायका विमाने चालवतात. होय, चालवतात. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदविका घेतली आणि त्या देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला घाट उतरवून नेली. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्याबद्दल मला अभिमान आहे. पण दर ८ मार्चला ‘पहिली महिला अमुक’ शोधून तिला शाल-श्रीफळ द्यायचे आणि ९ मार्चला आयटीआय पास झालेल्या मुलीला काउंटरवर बसवायचे, या ढोंगाचा मला कंटाळा आला आहे. ‘पहिली’चा सत्कार करणाऱ्यांना दुसरी, तिसरी, शंभरावी नको असते. एक अपवाद म्हणून मिरवता येतो. शंभरजणी आल्या की त्यांच्यासाठी संडास बांधावे लागतात, कपडे बदलायची खोली करावी लागते, आणि पगार सारखा द्यावा लागतो.

आणि आपण? आपल्या संघटनांनी तीस-चाळीस वर्षांत बायकांना शिवण शिकवले, पापड शिकवले, अलीकडे गाडी चालवायलाही शिकवले. बॉनेट कुणी उघडून दाखवले? आमच्या कार्यालयातला फ्यूज गेला की आम्ही कोणाच्या तरी नवऱ्याला फोन करतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनच्या बायका आपल्या शरीराबद्दल स्वतः शिकल्या, त्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडेही बायकांनी शिबिरांत आरसा घेऊन आपले शरीर पाहिले, ‘डॉक्टर सांगेल ते’ म्हणणे सोडले. डॉक्टरला प्रश्न विचारायची हिंमत आपण कमावली. मिस्त्रींना प्रश्न विचारताना ती कुठे जाते?

इथे एक खबरदारी. मिस्त्री आपला शत्रू नाही. बहुतेक गॅरेजांत काम करणारी माणसे गरीब घरांतली, बारा-तेराव्या वर्षी शाळा सोडून ‘छोटू’ म्हणून हाताला ग्रीस लावून घेतलेली. त्यांच्या ज्ञानालाही या समाजाने कधी ज्ञान म्हटले नाही. आपल्या जातिव्यवस्थेने हात काळे करणाऱ्याला खालीच ठेवले. मग त्या माणसाला मोठेपणा दाखवायला उरते कोण? समोरची बाई. आपले भांडण त्या माणसाच्या पोटाशी नाही, त्या सवयीशी आहे. आणि त्याच्याशी बोलायचे तर ‘अडाणी’ म्हणून नव्हे, एक जाणकार दुसऱ्या जाणकाराशी बोलतो तसे.

काय करायचे

पहिले म्हणजे वही. गाडीत एक वही ठेवा आणि गाडी दम सोडेल तेव्हा लगेच लिहा. इंजिन थंड होते की गरम? सपाटी की चढ? माणसे किती होती? इंजिनचा आवाज चढला पण गाडी सरकली नाही, तर संशय क्लचवर. तो तपासायचा तर मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवे. फिरतच राहिले तर क्लच घसरतो आहे. आवाजच चढत नसेल तर हवा, इंधन, पेटणे, धुराची वाट, या चारांत कुठेतरी अडले आहे. सुरुवातीला ठीक, पण बराच वेळ जोर दिला की उपाशी पडल्यासारखी होते, तर इंधनाचा फिल्टर किंवा पंप पाहायला सांगा. पेट्रोलची गाडी जोर देताना आचके खात असेल तर प्लग किंवा कॉइल. डिझेलची काळा धूर सोडत असेल तर हवेची वाट आधी: फिल्टर, मग पाइप. सगळे ठीक असून गाडी जड वाटते आणि थोडे चालल्यावर एकाच चाकाजवळ जास्त धग, जळका वास येतो, तर ब्रेक पूर्ण सुटत नाही. चाकाला हात लावू नका, भाजेल.

नव्या गाड्यांत याहून मोठी गोम आहे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्याच विकायच्या असा नियम झाला. त्यांत इंजिनवर संगणकाची नजर असते. डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी सतत गावातल्या गावातच, थोडी थोडी फिरवली तर ती तुंबते आणि गाडी दम सोडते. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला तर लवकर दाखवा. पेट्रोल गाडीत तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या, इंधन न जळता बाहेर चालले आहे आणि सायलेन्सरकडचा महागडा भाग जळू शकतो. स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्याला लावायचा स्कॅनर आता स्वस्तात मिळतो, चार गटांनी मिळून एक घ्यावा. तो कोड सांगतो. पण कोड म्हणजे फिर्याद, निकाल नव्हे. ‘पी ०२९९’ म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतो आहे, एवढेच. दोष पाइपाचा, सेन्सरचा की टर्बोचा, हे शोधावेच लागते. स्कॅनर दाखवून कोणी ‘टर्बो बदला’ म्हणाले, तर ‘पाइप पाहिला का?’ हा प्रश्न तुमच्या ओठांवर असला पाहिजे.

दुसरे, गॅरेजात गेल्यावर वही वाचून दाखवा. ट्रायलला स्वतः बसा, आणि बिघाड ज्या स्थितीत होतो त्याच स्थितीत ट्रायल घ्यायला लावा. भरलेली गाडी, चढ. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. काढलेला जुना भाग परत मागा, तो तुमच्या पैशाचा आहे. पक्के बिल घ्या. फसवणूक झाली तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा गॅरेजच्या सेवेलाही लागू आहे. आणि ‘साहेबांना पाठवा’ म्हटले तर सांगा, ‘‘दादा, गाडी मी चालवते. ऐकायचं असेल तर माझंच ऐकावं लागेल.’’

तिसरे, मागण्या. सरकारी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गात मुली याव्यात म्हणून वसतिगृह आणि विद्यावेतन द्या. पास झालेल्या मुलींना एसटीच्या आगारांत, सरकारी वाहनांच्या कार्यशाळांत शिकाऊ म्हणून घ्या. बचतगटांना पापड-लोणच्यापलीकडे गॅरेजसाठी कर्ज द्या. यासाठी निवेदने, मोर्चे, जे लागेल ते आपण करू. ते आपल्याला येते.

आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. काउंटरवर बसणारी ती मुलगी आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या अंगणात येते. गेल्या खेपेला अकराजणी होत्या. गाडी चालवणाऱ्या दोघीच, बाकीच्या गिरणीवाल्या, पंपवाल्या, एक आशाताई, आणि घाटातल्या त्या रात्री मुलांना सीटखाली दडपणारी ती बाई. ती कोपऱ्यात बसेल असे वाटले होते. तिने तो फाटका जुना पाइप हातात घेतला, चीर उघडून पाहिली, मिटवून पाहिली, आणि विचारले, ‘‘एवढ्याच्यानं आपण त्या रात्री अडकलो होतो?’’

जुना पाइप आम्ही कार्यालयात खिळ्याला टांगून ठेवला आहे. तुमच्या गावात असा वर्ग काढणार असाल तर आम्हाला कळवा. शिकवायला आम्ही येऊ, गाडी घेऊन येऊ. आणि तुमच्याकडे आयटीआय शिकून काउंटरवर बसवलेली एखादी मुलगी असेल, तर आधी तिला शोधा.